बेगमांचं मुरूड, वहीतलं किहीम

राजपुरीच्या जेटीवरून शिडाची होडी सुटली की वाटाड्याची कॅसेट सुरू होते: कलालबांगडी तोफ, संभाजीराजांनी खाडीत घालायला घेतलेला सेतू, कधीच न पडलेला जंजिरा. सिद्दी संस्थानाचा अखेरचा काळ मात्र तो गाळतो. तो काळ पाण्यातल्या किल्ल्यात घडला नाही, मुरूडच्या टेकडीवरच्या नवाबाच्या राजवाड्याभोवती घडला. त्यातला बराच भाग बायकांचा आहे.

सिद्दी अहमद खान यांची कारकीर्द १८७९ ते १९२२. त्यांच्या बेगम नाझली या मुंबईच्या फैजी घराण्यातल्या. त्यांची धाकटी बहीण अतिया १९०६ साली शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला शिष्यवृत्तीवर लंडनला गेली. तिकडून ती रोजनिशी लिहून घरी पाठवायची आणि थोरली झेहरा ती नीटनेटकी करून लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या उर्दू स्त्री-साप्ताहिकाकडे धाडायची. पडद्यातल्या वाचक बायकांनी लंडन पाहिलं ते असं. १९२१ साली त्या मजकुराचं पुस्तक झालं. १९०८ साली नवाब, नाझली आणि अतिया युरोपला गेले, तेव्हा बेगमसाहेबांनी स्वतःच प्रवासवर्णन लिहिलं. तीन बहिणी आणि तिघींच्याही हाती लेखणी! मराठी वाचकाला मुरूड म्हटलं की नारळी-पोफळी आठवतात, हे लेखन आठवत नाही.

नाझली १९१३ साली नवाबांपासून विभक्त झाल्या. पुढे १९२२ साली नवाब वारले तेव्हा वारस अज्ञान होता, म्हणून त्याची आई कुलसुम बेगम हिने १९३३पर्यंत संस्थानचा कारभार पाहिला. अकरा वर्षं एका बाईची राजवट, आणि ती होडीतल्या माहितीत एका वाक्याचीही धनीण नाही.

राजवाडा खासगी आहे, बाहेरूनच पाहायचा. इंग्लंडमध्ये अशा वाड्यांचा सांभाळ करणाऱ्या नॅशनल ट्रस्टने २०१८ साली, तिथल्या स्त्रियांना पहिल्यांदा मताधिकार मिळाल्याच्या शताब्दीनिमित्त, आपल्या वास्तूंमधल्या बायकांच्या कथा मुद्दाम पुढे आणल्या. आपल्याकडे फाटक बंद असलं तरी गोष्ट बंद राहायचं कारण नाही, कारण ती भिंतींपेक्षा कागदावर जास्त टिकली आहे. आणि तो कागद कसा भरायचा, याचा धडा याच किनाऱ्यावर उत्तरेला, किहीमला सापडतो.

किहीम लोकांना माहीत आहे ते पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींमुळे. १९३०च्या सुमारास पत्नी तेहमिना यांच्यासह इथे राहून त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला. ते ज्या तय्यबजी गोतावळ्यातले, त्यातलेच बद्रुद्दीन तय्यबजी, १८८७च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष. फैजी बहिणींचं आजोळही हेच. या कुटुंबाच्या घरांत ‘अखबार’ नावाच्या वह्या असत. किहीमसारख्या सुट्टीच्या घरांतही त्या असत. वहीत कुणीही लिहावं: बाप्यांनी, बायकांनी, पोरांनी. कोण आलं, कोण आजारी पडलं, जेवणावरून काय झालं. घरातल्या पोरीचं वाक्य आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीनांचं वाक्य एकाच पानावर. पुढे सलिमा तय्यबजींनी या घराण्याचा इतिहास लिहिला, तो अशाच वह्यांच्या आधारे.

पोरांसाठी अशा वहीचा उपक्रम मला संग्रहालयातल्या रंगकामाच्या कागदांपेक्षा फार वरचा वाटतो. सहलीला निघताना एक जाड वही घ्यावी आणि पहिली नोंद आजीकडून घ्यावी: तिच्या लहानपणी सहल म्हणजे काय होतं, तिला कोण सोडत होतं. शुद्धलेखन कुणी तपासू नये. वाटेत अलिबागजवळ आक्षीला थांबावं. तिथला शिलालेख शके ९३४चा, म्हणजे १०१२चा मानतात. महालक्ष्मीच्या बोडणासाठी, म्हणजे बायकांनी कालवायच्या देवीच्या नैवेद्यासाठी, नऊ कुवळी धान्य नेमून दिल्याचा उल्लेख त्यात वाचला जातो. पोरांना दगडाशी उभं करून एवढंच विचारावं: दान देणाऱ्या भइर्जूचं नाव दगडावर आहे, मग बोडण कालवणाऱ्यांची नावं कुठे? (आजीला बोडण ठाऊक असेल तर तिथे अर्धा तास सहज जातो. जाऊ द्यावा.)

मुरूडला पोचल्यावर होडीत वाटाड्याला कुलसुम बेगमबद्दल विचारायचं काम घरातल्या सर्वांत धाकट्याला द्यावं. उत्तर आलं तर वहीत लिहावं, नाही आलं तर प्रश्न तरी लिहावा. दिवाळीत अंगणात मातीचा जंजिरा करणारी पोरं असतील, तर बाजारातल्या चित्रांत त्यांना मावळे मिळतील, तोफा मिळतील, डोक्यावर घडा घेतलेली गवळणही मिळेल. कारभार पाहणारी बेगम मिळणार नाही. ती घरीच शाडूची करावी लागेल.