खारे पाणी आणि जुने आउटबोर्ड इंजिन

होडीच्या पाठीमागे लावलेले आउटबोर्ड इंजिन चालू असता त्याच्या बाजूने पाण्याची जी बारीक चिळकांडी सतत उडत असते, तिच्याकडे नजर टाकून नाखवा निश्चिंत होतो. आणि ही निश्चिंती सर्वस्वी निराधार नसली, तरी तिची मर्यादा ओळखून असणे इंजिनाच्या आयुष्याच्या दृष्टीने अत्यंत अगत्याचे आहे. पंप पाणी वर ढकलीत आहे, एवढीच ग्वाही ती चिळकांडी देते. ते पाणी प्रत्येक सिलिंडरला वळसा घालून, उष्णता घेऊन परतले की नाही, याची साक्ष तिच्यापाशी नसते, कारण अनेक इंजिनांत तिची वाट मुख्य प्रवाहातून मध्येच फोडलेली असते. चिळकांडी जोरकस आणि आतला एखादा पिस्टन मात्र तापून जखडलेला, असा प्रकार वर्षानुवर्षे समुद्रात राबलेल्या इंजिनांत घडतो तो याच कारणाने.

मोटारगाडीत तेच ते पाणी रेडिएटरमधून फिरत राहते. आउटबोर्डची तजवीज निराळी. खाली पाण्यात बुडालेल्या भागात रबरी पाकळ्यांची एक चक्री, म्हणजे इम्पेलर, फिरत असते. ती समुद्राचेच पाणी खेचून एका उभ्या नळीतून वर धाडते, आणि सिलिंडरांभोवतीच्या अरुंद पोकळ्यांतून फिरून ते पुन्हा समुद्रात जाते. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिन्रूड याने १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे ज्या इंजिनांचा कारखाना सुरू केला, त्या एव्हिन्रूड नावाच्या इंजिनांचे उत्पादन २०२० साली बंद झाले. परंतु त्या आणि तत्सम जुन्या इंजिनांवर आजही कित्येकांचा चरितार्थ चालतो, व त्यांच्या जलमार्गांची निगा हा केवळ हौशी लोकांचा विषय उरत नाही.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांत कॅल्शियमचा वाटा जेमतेम ०.४ ग्रॅम; तथापि सगळा उपद्रव या अल्पसंख्य घटकापासूनच सुरू होतो. मीठ अथवा साखर पाणी तापले की अधिक विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव नेमका उलट आहे. पाणी तापताच त्यातील बायकार्बोनेटचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि कार्बोनेट धातूच्या भिंतीवर थराच्या रूपाने बसते. ज्या घरांत विहिरीच्या जड पाण्यावर तांब्याचा बंब तापत असे, त्या घरांतील मंडळींना हा पांढरा थर परिचित आहे. त्यातून समुद्राच्या वरच्या थरातील पाणी मुळातच कॅल्शियम कार्बोनेटने अतिसंपृक्त असते, म्हणजे निमित्त मिळण्याचाच काय तो अवकाश. याच सबबीवर आउटबोर्डचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याची वाट तापमानानुसार उघडणारी झडप, साधारणतः ५० ते ६० अंश सेल्सियसलाच उघडेल असा ठेवतात. मोटारगाडीसारखी ८० अंशांची मुभा येथे दिली, तर थर झपाट्याने वाढेल. आणि हा थर उष्णतेला किती अडवितो? ॲल्युमिनियमच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता पन्नास ते शंभर पटींनी कमी. तेव्हा कागदाएवढा पापुद्राही उपेक्षणीय नव्हे.

परंतु पोकळीत साचलेली प्रत्येक वस्तू कार्बोनेटच असते असे समजून सरसकट आम्ल ओतण्याची जी वहिवाट पडली आहे, ती आम्हांस घातक वाटते. इंजिन बंद केल्यावर आत उरलेले पाणी गरम धातूवर आटते व मिठाचे खडे मागे राहतात; खाडीच्या मुखाशी गाळ आणि वाळू भरते; तुटलेल्या इम्पेलरच्या पाकळ्या वळणांवर अडकून बसतात; आणि खुद्द ॲल्युमिनियम झिजून त्याचा पांढुरका, फुगीर गंज मार्ग अडवितो. म्हणून थर्मोस्टॅटचे झाकण उघडून आतला थोडा खरवड काढावा व त्याची परीक्षा करावी. कोमट पाण्यात विरघळला तर मीठ. शिरक्याचा थेंब पडताच फसफसला तर कार्बोनेट. दोन्हींना दाद दिली नाही, तर गाळ किंवा धातूचा गंज, आणि तेथे यांत्रिक सफाईवाचून उपाय नाही.

ही सफाई करावयाची म्हणजे झाकणे काढणे आले, आणि जुन्या इंजिनाची खरी कसोटी येथेच लागते. पोलादी बोल्ट व ॲल्युमिनियमचे अंग यांच्यामध्ये खारे पाणी शिरले की विद्युत्-रासायनिक क्रियेने गंज माजतो व बोल्ट असा आवळला जातो, की पान्याच्या जबरदस्तीपुढे तो सुटण्याऐवजी तुटतो. ॲल्युमिनियम तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सबब पेट्रोल पूर्णपणे दूर करून बोल्टाभोवतीचा भाग हलकेच तापविला, भेदक तेल सोडले आणि बोल्ट किंचित पुढे, किंचित मागे असा फिरवीत राहिले, तर तो बहुधा शाबूत बाहेर येतो. पोकळ्या लाकडी अथवा प्लॅस्टिकच्या खरवडणीने मोकळ्या कराव्या, नळी उलट दिशेने पाणी सोडून धुवावी, इम्पेलर नवा घालावा, आणि जुन्याची एखादी पाकळी गहाळ असेल तर ती सापडेपर्यंत शोध थांबवू नये.

कार्बोनेटच ठरले, तर कोमट पाण्यात मिसळलेला शिरका छोट्या पंपाने पोकळ्यांतून फिरवावा व बुडबुडे थांबताच स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा. फरशी धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र कटाक्षाने वर्ज्य मानावे, कारण थर संपला की ते ॲल्युमिनियमचाच फडशा पाडू लागते आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो.

झाकणे बसविताना गॅस्केट नवी घालावी, बोल्टांना समुद्री ग्रीस लावावे, आणि ठिकठिकाणी बसविलेले जस्ताचे तुकडे तपासावे. ते ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजण्यासाठीच तेथे असतात, म्हणून निम्मे झिजले की बदलावे आणि त्यांना रंग कधीही लावू नये. पुढे दर फेरीनंतर गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन चालवावे, पण दोन मिनिटांत आटोपते घेऊ नये. थर्मोस्टॅट उघडण्याइतके ते तापेपर्यंत गोडे पाणी सिलिंडरांभोवतीच्या सर्व पोकळ्यांत नीट खेळतच नाही, आणि खारे पाणी जेथल्या तेथे मुक्काम करून राहते.