झेडएक्स स्पेक्ट्रम : चिप बसवण्याआधी व्होल्टेज

ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आज नव्या सर्किट बोर्डवर सुटे भाग जोडून पुन्हा उभा करता येतो. रेझिस्टर, डायोड, कपॅसिटर आणि चिपचे सॉकेट आधी सोल्डर होतात. चिप सर्वांत शेवटी. त्यामागे ठोस कारण आहे. मूळ यंत्रातल्या पहिल्या १६ केबी मेमरीच्या ४११६ जातीच्या आठ चिपना +५, +१२ आणि −५ अशी तीन व्होल्टेज लागतात. −५ नसताना +१२ पोहोचले, तर चिप जळू शकते.

अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा, पण त्याच्या पिनचा मधला भाग ऋण असतो. हल्लीचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमके उलटे, म्हणून पहिली खातरजमा इथेच करावी. ७८०५ रेग्युलेटर ५ व्होल्ट देतो. उरलेली दोन व्होल्टेज ट्रान्झिस्टर आणि कॉइलच्या छोट्याशा मंडलातून निघतात. जुन्या यंत्रांत बिघाडही बरेचदा याच मंडलात सापडतो.

मल्टिमीटरची काळी तार मेमरीच्या रिकाम्या सॉकेटच्या १६व्या पिनवर धरावी. लाल तारेला १ वर −५, ८ वर +१२ आणि ९ वर +५ च्या आसपास आकडे दिसले, की वीज बंद करून चिप बसवाव्यात.