हातांचा हिशेब : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील बदलती लोकसंख्या, शाळा आणि रोजगार

शेतीची योजना आखताना आपण जमीन मोजतो, तलावातील पाण्याचा अंदाज घेतो, बियाणे व खत यांची बेरीज करतो. मात्र ही शेती ज्या हातांनी व्हावयाची, त्या हातांचा हिशेब गावात क्वचितच मांडला जातो. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत तर तो आज अगत्याने मांडावयास हवा. येथील अनेक गावी पहिल्या वर्गात येणारी मुले कमी होत आहेत आणि त्याच गावी काम मागणारे तरुण मात्र वाढले आहेत. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः त्या एकाच बदलाच्या दोन बाजू आहेत.

जनगणना काय सांगते

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. १९९१ साली गडचिरोलीची लोकसंख्या ७,८७,०१० होती. २००१ साली ती ९,७०,२९४ झाली. म्हणजे दहा वर्षांत शेकडा २३ हून अधिक वाढ झाली. त्या दशकात संपूर्ण महाराष्ट्राची वाढ शेकडा २२.७ होती. पुढील दशकात हे चित्र पालटले. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ भरली. वाढ केवळ शेकडा १०.६ राहिली. चंद्रपूर जिल्ह्यात १९९१ ते २००१ या काळात शेकडा सुमारे १७ वाढ झाली होती, ती पुढील दशकात शेकडा ६.४ वर आली आणि २०११ साली जिल्ह्याची लोकसंख्या २२,०४,३०७ झाली. याच दशकात राज्याची वाढ शेकडा १६ होती.

या भागात लोकसंख्येला ओहोटी लागण्याचा प्रसंग पूर्वीही आला होता. १८९१ ते १९०१ या दशकात तत्कालीन चांदा जिल्ह्याची लोकसंख्या घटली, ती दुष्काळाने व रोगराईने. आजची गोष्ट निराळी आहे. आज वाढ मंदावली आहे, ती प्रामुख्याने कुटुंबे लहान होत असल्यामुळे. गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरोघरी शुश्रूषा करविली. ३९ गावांतील नवजात बालकांचे मृत्यू त्यामुळे शेकडा ६२ ने घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. जन्मलेले मूल जगेल अशी खात्री वाटू लागली की आईबापांचा कल लहान कुटुंबाकडे वळण्यास मदत होते, मात्र केवळ तेवढ्याने ते आपोआप घडत नाही. राज्याचा विचार केला तर २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले जन्मतात. लोकसंख्या कायम राहण्यास हे प्रमाण २.१ असावे लागते. याखेरीज कामासाठी गाव सोडणारी माणसेही वाढीचा वेग कमी करतात, हे लक्षात ठेवावयास हवे.

बांधीचे पाणी

धानाच्या शेतात वरच्या बांधीत सोडलेले पाणी खालच्या बांधीत उशिरा पोहोचते, हे शेतकरी बंधूंना सांगावयास नको. तलावाची तुडुंबी आज बंद केली तरी खालच्या बांधीत कालचे पाणी येतच राहते. लोकसंख्येचेही असेच आहे. जन्म कमी झाले की त्याचा परिणाम प्रथम अंगणवाडीत दिसतो, सहा वर्षांनी पहिल्या वर्गात आणि अठरा-वीस वर्षांनी रोजगाराच्या बाजारात. १९९१ ते २००१ या भरतीच्या दशकात जन्मलेली मुले आज पंचविशी-तिशीत आहेत. शाळेची बांधी ओसरत असताना रोजगाराची बांधी काठोकाठ भरलेली आहे, त्याचे कारण हे. जो कोणी केवळ शाळेकडे पाहील तो 'माणसे कमी झाली' म्हणेल. जो केवळ चौकातील तरुणांकडे पाहील तो 'माणसे फार झाली' म्हणेल. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे ठरेल.

आषाढात माणूस नाही, माघात काम नाही

काही वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातील एका धानपट्ट्यातील गावी सभेसाठी जाण्याचा योग आला. यांत्रिक रोवणीची माहिती सांगून झाल्यावर एक वृद्ध बाई उठल्या व म्हणाल्या, "साहेब, रोवण्याले माणूस भेटत नाही, अन् माघात काम भेटत नाही. याचं काही सांगा." माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा त्यांचे हे वाक्य अधिक मोलाचे होते.

मजुरांची टंचाई व बेकारी एकाच गावात, एकाच वर्षात नांदते, कारण येथील बहुतेक शेती पावसाळी धानाची आहे. रोवणी आणि कापणी या दोन हंगामांत हात अपुरे पडतात. मळणी आटोपली की काम संपते. चैत्रात मोहफुले वेचावयाची, वैशाखात तेंदूपाने तोडावयाची. परंतु पौष ते फाल्गुन हे महिने रिकामे जातात. याच काळात दोन्ही जिल्ह्यांतील मजूर मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात.

चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, औष्णिक वीज केंद्र व सिमेंटचे कारखाने यांनी अनेकांना काम दिले. पण उघड्या खाणीत आज अवजड यंत्रेच बहुतांश काम करतात. तेथे मागणी असते ती यंत्र चालविणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या कुशल हातांची. म्हणून रोजगाराचा प्रश्न अखेर शिक्षणापाशी येऊन ठेपतो.

शाळा गावात राहिली पाहिजे

२०११ साली साक्षरतेचे प्रमाण चंद्रपुरात शेकडा ८०, तर गडचिरोलीत शेकडा ७४ होते. गडचिरोलीत पुरुषांचे प्रमाण शेकडा ८२ आणि स्त्रियांचे शेकडा ६६ होते. हे अंतर कोठे पडते? शाळा जेथे गावाबाहेर जाते तेथे. चौथीनंतर किंवा सातवी-आठवीनंतर नाला ओलांडून, जंगलातून दुसऱ्या गावी जावे लागले की प्रथम मुलीची शाळा सुटते. गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला अवघी ७४ माणसे राहतात. राज्याची सरासरी ३६५ आहे. अशा विरळ वस्तीत पटसंख्या लहान असणे हा गावाचा दोष नव्हे. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याखालील नियम पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असे धरून चालतात, ते याच विचाराने.

दुसरी अडचण भाषेची आहे. भामरागड, एटापल्ली भागांतील बालक घरी माडिया किंवा गोंडी बोलते व शाळेत एकदम मराठीला सामोरे जाते. तिसरी अडचण स्थलांतराची आहे. आईबाप मिरचीला गेले की लहान मुलेही बरोबर जातात, आणि नेमक्या वार्षिक परीक्षेच्या सुमारास वर्ग रिकामा होतो. परमुलखात भाषा तेलुगू, शाळा अनोळखी. दोन वर्षे असे झाले की मूल शाळेकडे फिरकत नाही आणि पुढे तेही मिरचीच्याच रांगेत उभे राहते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे, तसेच जाताना शिक्षण हमी कार्ड देण्याचीही सोय आहे. मात्र ही मागणी कुटुंबे निघण्यापूर्वी, मार्गशीर्षातच व्हावयास हवी. गाव रिकामे झाल्यावर केलेला अर्ज उपयोगाचा नाही.

रिकाम्या महिन्यांना काम द्यावे

जेथे पौष-माघात गावातच मजुरी मिळते, तेथे कुटुंबे थांबतात. त्यासाठी पुढील मार्ग हाताशी आहेत.

(१) दुसरे पीक : कापणीपूर्वी १० ते १५ दिवस उभ्या धानात लाखोळी किंवा जवस फेकून उतेरा पीक घ्यावे. ओल टिकणाऱ्या भारी जमिनीत धानानंतर हरभरा घ्यावा.

(२) पाणी : माजी मालगुजारी तलाव व शेतातील बोड्या यांचा गाळ रोजगार हमीच्या कामातून रिकाम्या महिन्यांत काढावा. मजुरी मिळते, साठा वाढतो व मासेमारीलाही आधार होतो.

(३) वन : धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला व २०११ साली ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकण्यास प्रारंभ केला. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली असा हक्क मिळाला व बांबूतोडीची मजुरी गावातच मिळू लागली. ज्या ग्रामसभांना हक्क मिळाला आहे, त्यांनी तोडीचे वेळापत्रक रिकाम्या महिन्यांशी जुळवावे.

(४) कौशल्य : रोवणी व मळणी यंत्रे गावात येतच आहेत. दहावी झालेल्या मुलामुलींनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून ती चालविण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण घेतले, तर यंत्राने गेलेली मजुरी काही अंशी गावातच परत येईल.

ग्रामकार्यकर्त्याने काय करावे

एक साधी वही घ्यावी. पहिल्या पानावर गावातील सहा वर्षांखालील बालके व प्रत्येक वर्गातील मुले-मुली यांची संख्या लिहावी. दुसऱ्या पानावर कोणत्या वर्गानंतर किती जणांची शाळा सुटली आणि का, हे लिहावे. मुलींची नोंद स्वतंत्र ठेवावी. तिसऱ्या पानावर बारा महिने आखून, कोणत्या महिन्यात किती हातांना काम असते व किती कुटुंबे बाहेर जातात, ते मांडावे. ही तीन पाने ग्रामसभेपुढे वाचून दाखवावीत. अंगणवाडीत आज किती मुले आहेत हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्याला पाच वर्षांनंतरची शाळा आज दिसते; आणि दहावीत किती मुले आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला उद्याचे काम मागणारे हात दिसतात.

२०२१ साली व्हावयाची जनगणना लांबली. नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा ठरला आहे. हा दिवस नेमका मिरचीच्या हंगामात येतो, याची नोंद प्रत्येक गावाने घ्यावी. आपली बाहेर गेलेली माणसे गणतीतून सुटणार नाहीत याची दक्षता आतापासूनच घेतली पाहिजे. जो हात मोजला जात नाही, त्याच्यासाठी शाळेचा वर्ग वा कामाची योजना कोण आखणार? शेतकरी बंधुभगिनींनो, पिकाची आणेवारी आपण काटेकोरपणे पाहतो. तितक्याच आस्थेने गावच्या माणसांचा हिशेब ठेवू या, म्हणजे त्या आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर गावालाच देता येईल.