बोक्याचा चावा आणि मांजरीची जीभ

मांजराला संसर्गजन्य रोग झाला आहे असे कळले की घरातील माणसे लगेच विचारतात, ‘आता याला ठेवायचे की नाही?’ त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे: हा रोग पसरतो कसा?

१९६०च्या सुमारास ग्लासगो येथील विल्यम जॅरेट यांच्यासमोर एक कोडे आले. एकाच घरातील अनेक मांजरांना लसिकापेशींचा कर्करोग झाला होता. कर्करोग काही सर्दीसारखा लागत नाही. मग एकाच घरात इतके रोगी कसे? जॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांना १९६४ साली या कर्करोगाच्या मुळाशी एक विषाणू आढळला. तोच फेलाइन ल्यूकेमिया विषाणू, म्हणजे एफ.ई.एल.व्ही. पुढे १९८६ साली कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन व जॅनेट यामामोटो यांनी दुसरा विषाणू वेगळा केला: एफ.आय.व्ही. हा माणसातील एड्सच्या विषाणूचा नातलग. दोघेही आपल्या आर.एन.ए.वरून डी.एन.ए. तयार करतात आणि तो मांजराच्या पेशीतील डी.एन.ए.मध्ये घुसवतात. त्यामुळे औषधाने त्यांना समूळ काढता येत नाही. दोघेही माणसाला लागत नाहीत.

दोघेही लाळेत असतात, पण वाटा निराळ्या. पहिला एकमेकांना चाटण्यातून, एकाच ताटलीत खाण्यातून, आईच्या दुधातून जातो. म्हणजे प्रेमाने राहणाऱ्या मांजरांतच तो अधिक पसरतो! दुसऱ्याला मात्र खोल चावा लागतो. म्हणून तो भटक्या, भांडखोर बोक्यांत जास्त आढळतो. घरातील मांजरे भांडत नसतील तर एफ.आय.व्ही.चे मांजर सहसा त्यांच्यासोबत राहू शकते. एफ.ई.एल.व्ही.चे मांजर मात्र वेगळ्या खोलीत ठेवावे व इतरांना लस टोचून घ्यावी. शरीराबाहेर हे विषाणू फार टिकत नाहीत. त्यांचे बाह्य आवरण स्निग्ध असते, ते साध्या साबणानेही फुटते.

चाचणीचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. (प्रतिपिंडे शिकवताना वर्गात हे उदाहरण जरूर घ्यावे.) एफ.ई.एल.व्ही.च्या नेहमीच्या चाचणीत विषाणूचे प्रथिन शोधतात, तर एफ.आय.व्ही.च्या चाचणीत प्रतिपिंडे. बाधित आईच्या दुधातून पिलाला प्रतिपिंडे मिळतात; विषाणू नसतानाही चाचणी होकारार्थी येते. पिलू सहा महिन्यांचे झाल्यावर ती पुन्हा करावी लागते. एफ.ई.एल.व्ही.ची चाचणीही एकदाच करून भागत नाही, कारण काही मांजरांचे शरीर विषाणूला दाबून ठेवते.

पूर्वी अशा एका अहवालावरून मांजरे मारली गेली. आज केवळ चाचणीवरून तसा सल्ला दिला जात नाही. एफ.आय.व्ही.ची कित्येक मांजरे इतरांइतकीच जगतात. एफ.ई.एल.व्ही. शरीरात सतत वाढत राहिला तर आयुष्य बहुधा काही वर्षांचेच उरते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तीही वर्षे बरी जाऊ शकतात. मांजर घरातच ठेवावे, नसबंदी करून घ्यावी, वर्षातून दोनदा पशुवैद्याला दाखवावे. प्रतिकारशक्ती दुबळी असल्याने कच्चे मांस देऊ नये, मासळीसुद्धा शिजवूनच घालावी.