निरंक आणि कोरा रकाना

तीन वर्षांपूर्वी, मार्चअखेरच्या धांदलीत, आमच्या गावातल्या एका पतसंस्थेच्या दारावर यादी लागली. संस्था अडचणीत होती. थकलेली कर्जे वसूल होतील तसतसे लहान ठेवीदारांचे पैसे आधी परत करायचे असे ठरले होते, आणि ते कोणाकोणाला, याची ती यादी. संध्याकाळी आमच्या आळीतले एक निवृत्त एसटी वाहक पासबुक घेऊन माझ्याकडे आले. बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "भाऊ, खिडकीवरचा पोरगा कॉम्प्युटरवर माझं खातं दाखवतो. शिल्लक बरोबर आहे. पण यादीत मी नाही. मग मी आहे का नाही?"

ते माझ्याकडे का आले, हे सांगायला हवे. मी कॉमर्सचा पदवीधर, तोही काठावर पास झालेला. संगणकाचे रीतसर शिक्षण नाही. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीचे काम करताना डेटाबेस गळ्यात पडला आणि जुन्या बाजारातून आणलेल्या पुस्तकांवरून तो शिकलो. मोडी शिकलो ती त्यानंतर, जुने हिशेब वाचण्याच्या नादाने. या दोन नादांचा एकमेकांशी संबंध काय, असे लोक विचारतात. तो या प्रकरणात चांगलाच आला.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराची दोन मोठी अंगे होती. एक चालते दफ्तर. ते थेट फडणिसांच्या हाताखाली, रोजच्या कामाचे. दुसरे एकबेरीज दफ्तर. त्याच्या कामाला पेशव्यांच्या सान्निध्याची गरज नव्हती, म्हणून ते कायम पुण्यातच असे. इतर सगळ्या खात्यांचे हिशेब तिथे येत, त्यांची वर्गवारी होई, जमा, खर्च आणि शिल्लक दाखवणारे तर्जुमे तयार होत, खतावण्या निघत. आज ज्याला डेटा वेअरहाउस म्हणतात ते याहून फार वेगळे नाही. खिडकीवर पैसे भरले-काढले की नोंद होते तो डेटाबेस म्हणजे चालते दफ्तर. त्याला क्षणाचीही उसंत नसते. वर्षभराचा हिशेब त्याच्याकडेच मागत बसले तर खिडकीवरची रांग थांबेल. म्हणून रात्री सगळ्या शाखांच्या नोंदी उचलायच्या, निवडायच्या, एका सारख्या साच्यात बसवायच्या आणि वेगळ्या कोठारात नेऊन ठेवायच्या. अहवाल काढायचे ते या कोठारातून. आयबीएममधल्या डेव्हलिन आणि मर्फी यांनी १९८८ साली अशा रचनेवर लेख लिहिला. पुढे बिल इनमन यांचे १९९२ चे आणि राल्फ किंबॉल यांचे १९९६ चे पुस्तक या विषयाची पाठ्यपुस्तके ठरली. पतसंस्थेतही हीच व्यवस्था होती, छोट्या प्रमाणावर. पाच शाखा आणि मुख्य कार्यालयात अहवालांसाठी एक वेगळा सर्व्हर.

म्हणजे वाहककाका चालत्या दफ्तरात होते आणि एकबेरजेत नव्हते. मधल्या वाटेवर ते कुठेतरी गळले होते.

अशा वेळी पहिला संशय यंत्रावर जातो. संस्थेतही तेच झाले. सर्व्हर दोनदा बंद करून चालू केला, डिस्कवर जागा किती आहे ते पाहिले, सॉफ्टवेअरवाल्यांना फोन गेले. डेटाबेस सर्व्हरच्या दुखण्यांचा थोडाफार अनुभव घेतलेला कोणीही सांगेल, की यंत्राचा बिघाड गप्प बसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची लॉग फाइल भरली तर तो ९००२ क्रमांकाचा संदेश देऊन नोंदी घेणेच थांबवतो. दोन कामे एकमेकांची वाट अडवून बसली तर त्यातले एक रद्द करतो आणि १२०५ क्रमांकाच्या संदेशात त्या कामाला चक्क 'बळी' म्हणतो. हे सगळे बरे दुखणे. ओरडणारे पोर आणि ओरडणारा सर्व्हर, दोघांचे काय दुखते ते कळते. इथे कोणीच ओरडत नव्हते. अहवाल काही सेकंदांत निघत होता. अक्षरे स्वच्छ होती. खाली बेरीजही होती आणि ती वरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत होती. जुळणारच, अहवाल आपल्याच ओळींची बेरीज करतो. ताळेबंदातल्या ठेवींच्या आकड्याशी ती जुळत नव्हती, पण तो फरक गेली दोन वर्षे 'व्याज आकारणीतला फरक' या नावाखाली कोणीतरी सांभाळून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मला आत बसू दिले. माझी पद्धत अगदी बाळबोध आहे: मोजायचे. शाखांच्या डेटाबेसमध्ये ठेवीची खाती किती, ती मोजली. कोठारात किती आली, ती मोजली. आकडा एकच. म्हणजे रात्रीची वाहतूक निर्दोष. मग अहवालामागची क्वेरी उघडली. बहुतेक वेळा चोर सापडतो तो दोन तक्त्यांच्या जोडणीत. खाते एका तक्त्यात, गाव दुसऱ्या तक्त्यात, आणि गावाचा संकेतांक जुळला नाही की खातेच गायब. पण इथे गावे जुळत होती. क्वेरीच्या शेवटी एक साधी अट होती: ज्यांची स्थिती 'बंद' नाही अशी खाती दाखव. वाचायला काय चुकीचे आहे? बंद नसलेली सगळी खाती हवीत, तेच मागितले आहे.

मी स्थिती 'बंद' असलेली खाती मोजली. मग स्थिती 'बंद' नसलेली मोजली. दोन्हींची बेरीज एकूण खात्यांपेक्षा ३७ ने कमी आली.

शाळेत शिकलेल्या तर्काने हे अशक्य आहे. एखादे खाते एकतर बंद असेल किंवा नसेल. तिसरी जागाच नाही. डेटाबेसमध्ये मात्र ती आहे, आणि या ३७ खात्यांच्या स्थितीच्या रकान्यात काहीच लिहिलेले नव्हते. या काहीच-नसण्याला संगणकाच्या भाषेत 'नल' म्हणतात. (दमयंतीचा नल नव्हे. पण तोही स्वयंवरात ओळखू येत नव्हता, हे आहेच.) नल म्हणजे शून्य नाही, रिकामा शब्दही नाही. ओरॅकल मात्र रिकामा मजकूर आणि नल यांत फरक करत नाही, त्यामुळे तिथला डेटा दुसरीकडे नेताना वेगळेच घोळ होतात. नलचा अर्थ 'येथे मूल्य नाही'. मग 'हे मूल्य बंद याहून वेगळे आहे का?' असे विचारले तर उत्तर 'हो' येत नाही, 'नाही'ही येत नाही, 'अज्ञात' येते. आणि क्वेरीचा नियम असा, की अट खरी ठरली तरच ओळ दाखवायची. अज्ञाताला प्रवेश नाही. काका बंद नव्हते, आणि बंद नसलेल्यांतही नव्हते.

याहून गमतीची गोष्ट पुढे दिसली. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी त्या रकान्यावर पहारा बसवला होता: स्थिती 'चालू' किंवा 'बंद' हीच असली पाहिजे. तरी कोरे रकाने आत शिरले कसे? कारण पहाऱ्याचा नियम क्वेरीच्या उलटा आहे. तिथे अट खोटी ठरली तरच नोंद नाकारली जाते. अज्ञात असेल तर जाऊ देतात. आत येताना मुभा, बाहेर पडताना मज्जाव. हा नियम एसक्यूएलच्या प्रमाण व्याख्येतच आहे, कोणा एका कंपनीचा दोष नाही. नल तर उभ्या आणि आडव्या बेरजेतही एकसारखा वागत नाही. एकाच ओळीतले दोन आकडे मिळवताना त्यातला एक नल असेल तर उत्तर नल. तोच नल उभ्या रकान्याच्या बेरजेत आला तर गुपचूप वगळला जातो.

हे सगळे कोणी घडवले? सारणीबद्ध डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांची. जन्माने इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात विमानचालक, पुढे आयबीएममध्ये. जून १९७० मध्ये त्यांचा तो प्रसिद्ध लेख आला. त्यावर आधारलेली, आज एसक्यूएल म्हणून ओळखली जाणारी भाषा चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली मांडली. कोऱ्या जागेचे काय करायचे, याचा कॉड यांनी पुढे बराच विचार केला. १९७९ च्या लेखात त्यांनी तिहेरी तर्क मांडला: खरे, खोटे, अज्ञात. १९८५ साली डेटाबेससाठी नियम घालून दिले, त्यांतला तिसरा नलविषयीच आहे. पण त्यांनाही हे पुरेसे वाटले नसावे. १९९० च्या पुस्तकात त्यांनी कोऱ्या जागेच्या दोन जाती केल्या: मूल्य असायला हवे पण माहीत नाही ती एक, आणि मूल्य लागूच होत नाही ती दुसरी. त्यांचेच सहकारी ख्रिस डेट हे मात्र नल मुळातच नको म्हणून आयुष्यभर वाद घालत राहिले. बाजाराने दोघांचेही ऐकले नाही. एकच नल राहिला आणि त्याच्या पोटात सगळे अर्थ कोंबले गेले.

हे वाचताना मला आपल्या सरकारी कचेऱ्यांची आठवण होते. वरून तक्ता येतो आणि सांगितलेले असते, की माहिती नसल्यास 'निरंक' लिहावे, रकाना कोरा सोडू नये. या 'निरंक'ची आपण थट्टा करतो. पण त्या शब्दात केवढे शहाणपण आहे पाहा. निरंक म्हणजे मी पाहिले, शोधले, आणि काही नाही. 'लागू नाही' म्हणजे हा प्रश्नच इथे उद्भवत नाही. आणि कोरा रकाना म्हणजे कोणी पाहिलेच नाही. कॉड यांनी १९९० मध्ये मागितलेला भेद आमच्या तलाठ्याच्या तक्त्यात होता. तिसऱ्या मूल्याचा विषय निघाला की काही मित्र लगेच जैनांच्या सप्तभंगीकडे वळतात. महालनोबिस आणि हाल्डेन यांच्यासारख्यांनी १९५० च्या दशकात स्याद्वादाचा संख्याशास्त्राशी संबंध जोडून लिहिले आहे, हे खरे. पण सप्तभंगीतले 'अवक्तव्य' म्हणजे सांगता न येणारे. आमच्या रकान्यात फक्त न सांगितलेले होते. मला त्या मार्गाने जावेसे वाटत नाही.

तर ते ३७ रकाने कोरे का होते? उत्तर माळ्यावरच्या खतावणीत सापडले. संगणक येण्यापूर्वीच्या त्या जाड वह्यांत शेवटचा रकाना 'शेरा'. खाते बंद झाले की लाल शाईने 'बंद'. चालू असेल तर काहीच लिहायचे नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, जुन्या लेखनिकाच्या डोक्यात होता. म्हणजे कागदावर कोऱ्याचा अर्थ ठाम होता: चालू. वह्या संगणकावर चढवताना शेऱ्याचा रकाना स्थितीच्या रकान्यात गेला, आणि ठाम कोऱ्याचा अज्ञात कोरा झाला. पुढे उघडलेल्या खात्यांना सॉफ्टवेअर आपोआप 'चालू' लावत गेले. जुन्यांपैकी ज्यांची खिडकीवर ये-जा होती त्यांच्या नोंदी नूतनीकरणाच्या वेळी दुरुस्त होत गेल्या. उरली ती एकदा पैसे ठेवून परत न फिरकलेली माणसे. वाहककाकांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम त्यातली. ते लग्न दुसऱ्याच पैशांत झाले आणि ही तशीच राहिली. यादीतून गळलेले सगळे संस्थेचे सर्वांत जुने ठेवीदार होते.

कारण कळल्यावर तिथल्या तरुण लेखनिकाने लगेच उपाय सुचवला: "काका, एका ओळीचं काम आहे. सगळ्या कोऱ्यांना 'चालू' करून टाकू." कागदाचा नियम माहीत झाल्यावर हे मोहात पाडणारेच होते. मी त्याला थांबवले, आणि त्याला माझा थोडा रागही आला. खतावणीत खाते पुढच्या वहीत नेले की शेरा त्या वहीत पडतो. पहिल्या वहीतला कोरा रकाना पाहून चालू म्हणायचे, आणि ते खाते तीन वर्षांनी दुसऱ्या वहीत लाल शाईने बंद झालेले असायचे! मग त्याला पैसे दुसऱ्यांदा जाणार, आणि ते जाणार दुसऱ्या कोणाच्या वाट्यातून. अंदाजाने भरलेला रकाना कोऱ्यापेक्षा वाईट, कारण कोरा निदान दिसतो तरी.

दोन रविवार आम्ही वह्या चाळल्या. त्याने क्रमांक वाचायचे, मी पाने शोधायची. ३७ पैकी ३१ खाती चालू निघाली. ४ पुढच्या वहीत बंद झालेली होती. उरलेल्या दोघांची पाने वाळवीने खाल्ली होती. क्रमांक तेवढे शिल्लक. ३५ नोंदी पान क्रमांकासह दुरुस्त केल्या. क्वेरीतली अटही बदलली: स्थिती 'बंद' नाही, किंवा स्थितीच नाही. कोठारात किंबॉल यांच्या शिफारशीप्रमाणे एक जादा ओळ घातली, 'स्थिती अज्ञात' नावाची. म्हणजे ज्याला जागा नाही त्याने निदान तिथे जाऊन बसावे आणि अहवालात दिसावे. शिवाय अहवालाच्या तळाशी तीन आकडे आले: शाखांतील खाती, कोठारातील खाती, अहवालातील खाती. ते जुळले नाहीत तर अहवाल छापायचा नाही.

पुढच्या यादीत काका होते, अठ्ठाविसाव्या ओळीत. त्यांनी बोट ठेवून नाव दोनदा वाचले आणि खालीपर्यंत सगळी यादी वाचत गेले. शेवटी थांबून मला विचारले, "हे दोघं कोण?"

तळाशी लिहिले होते, स्थिती अज्ञात : २. लेखनिकाला ती ओळ काढून टाकायची आहे. यादीत बरी दिसत नाही म्हणतो. अजून तरी ती आहे.