दुर्भिक्षातील अन्न आणि दास्याचे समर्थन

दास्याच्या उत्पत्तीचा विचार करताना प्रथम युद्धच आठवते. जिंकलेल्या शत्रूस ठार न मारता कामास जुंपावे, हे तिचे सर्वपरिचित रूप होय. खानदेशच्या इतिहासात मात्र दुसरे एक कारण अधिक ठळकपणे दिसते. ते म्हणजे दुष्काळ.

धुळ्याच्या उत्तरेस किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले सोनगीर आग्ऱ्याच्या वाटेवर आहे. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा जुना व्यापारी मार्गही नंदुरबारवरून याच प्रदेशातून जाई. १६३० च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचा सेवक पीटर मंडी या मार्गाने गेला, तेव्हा १६३०–३२ चा भीषण दुष्काळ सुरू झाला होता. आईबाप काही पेन्सांस मुले विकत, किंबहुना कोणी नेईल त्यास फुकटही देत, अशी नोंद त्याने केली आहे. मूल पुन्हा दृष्टीस पडणार नाही हे त्यांस ठाऊक होते. निदान ते जगेल, एवढीच आशा होती.

अशा व्यवहारात घेणारा स्वतःस प्राणदाता समजतो, आणि दास्याचे समर्थन येथेच उभे राहते. नारदस्मृतीने सांगितलेल्या पंधरा प्रकारच्या दासांत ‘अनाकालभृत’, म्हणजे दुष्काळात पोसलेला, हा एक आहे. त्याने गुरांची जोडी दिल्यास तो मुक्त होतो. कारण दुर्भिक्षात खाल्लेले अन्न श्रमाने फिटत नाही, असे तेथे मानले आहे. ज्याची गुरे दुष्काळात आधीच गेली, त्याने ही जोडी आणावी कोठून, याचा विचार स्मृतिकाराने केलेला नाही. कौटिल्याने आर्यबालकाच्या विक्रीस दंड सांगितला, पण म्लेच्छांनी अपत्य विकण्यात दोष मानला नाही. ॲरिस्टॉटलला काही माणसे निसर्गतःच दास आहेत असे म्हणावे लागले. नारदाला तशी गरज पडली नाही. त्याचा युक्तिवाद दयेच्या अगदी जवळचा आहे, आणि म्हणूनच तो अधिक टिकाऊ ठरला.

पेशवाईत दास्याला शिक्षेचाही आधार होता. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रिया कुणबिणी म्हणून सरकारी कोठ्यांवर व किल्ल्यांवर ठेवल्या जात. येथे उपकाराची भाषा नव्हती, धर्मरक्षणाची होती.

१८४३ च्या पाचव्या अधिनियमाने न्यायालयांनी दास्यावरील हक्क मानण्याचे बंद केले. त्या अधिनियमाचा रोख माणसावरील मालकीवर होता. देण्यापोटी बांधल्या गेलेल्या श्रमाला तो पुरेसा भिडला नाही. खानदेशातील सालदार उचल घेऊन वर्षभर राबे. वर्षअखेरीस हिशेबात बाकी निघाली की पुढचे सालही त्याच दारी काढावे लागे. १९७२ मध्ये शहाद्यास श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा भिल्ल सालदारांची ही स्थिती हा तिच्या लढ्याचा एक विषय होता. पुढे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमाने असे कर्ज फेडण्याचे बंधन रद्द केले आणि ते वसूल करणे हाच अपराध ठरविला.