विकतचं ऊन

"उन्हात फिरू नकोस, काळी पडशील" हे ऐकत आपल्याकडची प्रत्येक मुलगी मोठी होते. मीही झाले. आणि तीच मी, पंचेचाळिशीत, सिंगापुरात पैसे मोजून टॅनिंग बेडवर जाऊन झोपले!

हौस रंगाची नव्हती. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघालं होतं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ राहूनही घर, एमआरटी, ऑफिस यांत उन्हाशी गाठच पडत नाही. ऑफिसजवळच्या एका स्पामधली मुलगी म्हणाली, "मॅडम, दहा मिनिटं दिव्यांखाली पडा, व्हिटॅमिन डी भरून येईल." दहा वेळांचं पॅकेज, आजच घेतलं तर सवलत. मी कार्ड पुढे केलं.

दुसऱ्याच खेपेला रात्री पाठ आणि खांदे लालभडक झाले, अंगाला पदर लागू देववेना. त्वचारोगतज्ज्ञांचा पहिला प्रश्न, "सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?" पुटकुळ्यांसाठी मी डॉक्सिसायक्लिन घेत होते. या औषधाने त्वचा अतिनील किरणांना हळवी होते. स्पामध्ये कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. या दिव्यांतून मुख्यतः यूव्हीए किरण येतात. ड जीवनसत्त्व तयार होतं ते यूव्हीबीने. म्हणजे ज्यासाठी गेले, तेच तिथे भरवशाचं नव्हतं! शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ मध्ये टॅनिंगची उपकरणं तंबाखूच्याच गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्यांत घातली. ब्राझीलने त्याच वर्षी त्यांवर बंदी आणली. आपल्या सावळ्या रंगाचं संरक्षण थोडंफार असतं, पूर्ण नाही.

तेव्हा शहाणपण न जाण्यातच आहे. तरीही कुणी जाणारच असेल, तर:

१. चालू औषधं डॉक्टरांना आधी दाखवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही त्वचा हळवी होते.

२. अठरा वर्षांखालील मुलांना मुळीच पाठवू नका.

३. खास गॉगल लावा. नुसते डोळे मिटून भागत नाही.

४. त्वचा लाल झाली की थांबा. त्याच दिवशी समुद्रावर उन्हात जाऊ नका.

५. फक्त रंगच हवा असेल तर स्प्रे टॅन बरा. मात्र तो उन्हापासून वाचवत नाही, सनस्क्रीन लागतंच.

आता पैशाचं. माझ्या उरलेल्या आठ खेपांचे पैसे परत मिळाले नाहीत, कारण तशा अटीवर मीच न वाचता सही केली होती. स्पा 'केसट्रस्ट' मान्यतेचा असेल, तर पॅकेज घेतल्यावर विचार बदलायला पाच दिवसांची मुदत मिळते आणि न वापरलेल्या सेवेचे पैसे परत मागता येतात. म्हणून आधी ती मान्यता बघा, एकाच खेपेचे पैसे भरा आणि "आजच सवलत" ऐकलं की घरी जाऊन एक रात्र विचार करा. स्पाने फसवलंच, तर ग्राहक संघटना 'केस'कडे जाता येतं. वीस हजार डॉलरपर्यंतच्या दाव्यासाठी स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल आहे, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

माझं ड जीवनसत्त्व शेवटी डॉक्टरांनी दिलेल्या साध्या गोळ्यांनी वर आलं. त्यांचा खर्च टॅनिंगच्या एका खेपेहूनही कमी!

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "अगं, गच्चीवर फुकट मिळत होतं तेव्हा छत्री घेऊन फिरायचीस!"